वाचक विचारतात: कप विसळणार कोण?

गेल्या महिन्याच्या अंकात मी एवढंच विचारलं होतं की चहा-पाण्याचे वापरून फेकायचे कप तुमच्याकडे कुठून येतात आणि ते बंद करायला गेलं की नेमकं कुठे अडतं. वाटलं होतं पाच-सहा पत्रं येतील, पण चांगला गठ्ठा जमला, आणि वाचता वाचता लक्षात आलं की बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी पेंड खातंय. कप कुठला आणायचा हा प्रश्न नाहीये, तो विसळणार कोण हा आहे. निवडक पत्रं थोडी कापून घेतलीत, नावं मुद्दाम काढलीत.

ताई, गणपतीत आमच्या सोसायटीत आरतीनंतर रोज चहा असतो. प्लास्टिकचे कप बंद करून आम्ही महाग पडले तरी कागदी आणले. आता दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी म्हणते की काका, यातही प्लास्टिकच आहे. खरं का? मग आम्ही केलं ते फुकटच गेलं म्हणायचं का?
— सोसायटीचे खजिनदार, नाशिक

खरंय काका, आणि त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. नुसता कागद असता तर चहा ओतल्यावर दोन मिनिटांत कप लिबलिबीत झाला असता, तो उभा राहतो कारण आतून पॉलिथिनचा पातळ थर दिलेला असतो. माझ्या शब्दावर जाऊ नका, घरी करून बघा. वापरलेला कागदी कप घ्या, रात्रभर कोमट पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी बाहेरच्या बाजूने अंगठ्याने चोळत जा. कागद मळासारखा सुटत जातो आणि शेवटी हातात राहतो एक पारदर्शक पापुद्रा, दुधावरच्या सायीपेक्षा पातळ, ओढला की ताणतो पण विरघळायचं नाव घेत नाही. मी हे एकदा सातवीच्या वर्गात करून दाखवलं होतं, तर एका मुलाने तो ओला पापुद्रा खिडकीच्या काचेला चिकटवून ठेवला, आणि आठवड्याने बाईंचा मेसेज आला की अहो तो अजून तिथेच आहे, मुलं येता-जाता त्याला हात लावून बघतायत.

या थराची दोन दुखणी आहेत. एक म्हणजे कागद आणि प्लास्टिक असे घट्ट चिकटलेले की ते वेगळे करायला खास यंत्रणा लागते, साध्या रद्दीच्या कागदाबरोबर हे जात नाही, त्यात चहा-साखर लागलेली असते ते वेगळंच. दुसरं गरम चहाचं. आयआयटी खरगपूरच्या मंडळींनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ८५ ते ९० अंश तापमानाचं १०० मिलिलिटर पाणी कागदी कपात १५ मिनिटं ठेवलं तर त्यात साधारण २५ हजार सूक्ष्म प्लास्टिकचे कण उतरलेले दिसले. आता कोणी तुम्हाला याच अभ्यासाचं नाव सांगून अमुक रोग होतोच म्हणून घाबरवत असेल तर तसं त्यात नाहीये, त्यांनी कण मोजलेत, रोग नाही. पण घरातल्या लहान मुलांना गरम दूध अशा कपातून देऊ नये एवढं मला तरी त्यातून पुरेसं कळतं.

कायद्याचंही सांगते, कारण खजिनदार तुम्ही आहात, पावती तुमच्या नावाने फाटेल. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची, प्रत्यक्ष कारवाई २३ जूनपासून सुरू झाली. पहिल्या वेळी ५ हजार दंड, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. मग १ जुलै २०२२ पासून केंद्राने देशभर प्लास्टिकचे कप, ग्लास, प्लेटा, चमचे, स्ट्रॉ हे सगळं बंद केलं, आणि त्याच महिन्यात आपल्या राज्याने प्लास्टिकचा थर असलेल्या कागदी कप-प्लेटांनाही बंदीत घेतलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये थोडी सूट मिळाली ती कंपोस्ट होणाऱ्या मालाला, तीही प्रमाणपत्राच्या अटीवर. म्हणजे दुकानात राजरोस मिळतंय म्हणून चालतं असं धरून बसू नका.

फुकट गेलं का? नाही हो. तुम्ही एकदा सवय मोडून दाखवलीत, सोसायटीत हे कोणीतरी पहिल्यांदा करावंच लागतं. आता पुढची पायरी म्हणजे पन्नास स्टीलचे पेले आणि विसळायची पाळी, रोज दोन घरांनी. आणि पाळीच्या यादीत पुरुषांचीही नावं लिहा, हे मी मुद्दाम म्हणतेय.

मी कप, दह्याचे डबे सगळं धुवून वाळवून साठवते. भंगारवाला बाटल्या घेतो आणि कप तेवढे बाजूला काढून परत माझ्या हातात देतो. असं का?
— गृहिणी, चिंचवड

कारण त्याला त्यात काही सुटत नाही, आणि त्याचं चुकत नाहीये. मी एकदा किचनच्या वजनकाट्यावर चहाचा छोटा कप ठेवला तर काटा दीड-दोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक किलो व्हायला पाचशेहून जास्त कप गोळा करायचे, ते एकात एक घालायचे, त्यातले उष्टे चिकट झालेले वेगळे काढायचे, आणि पोतं भरलं तरी वजन काय तर काहीच नाही. त्याच्याशेजारी पाण्याची लिटरची बाटली बघा, वीस-पंचवीस ग्रॅमची, चाळीस-पन्नास बाटल्यांत किलो होतो, एकाच जातीचं प्लास्टिक, घेणारे लोकही ठरलेले.

जातीवरून आठवलं. कपांचं दुसरं दुखणं हे की दिसायला सारखे पण आतून निराळे. बुडाशी त्रिकोणात आकडा असतो, ५ असेल तर पॉलिप्रोपिलीन, ६ असेल तर पॉलिस्टायरीन, म्हणजे थर्माकोलचा सख्खा भाऊ. आकडा पुसट असेल तर दाबून बघा, ६ वाला कडकन तडकतो आणि तडकलेल्या जागी पांढरी रेघ उमटते, ५ वाला नुसता वाकतो. एक छोटा तुकडा कापून पाण्यात ढकला, ५ वाला वर तरंगतो, ६ वाला खाली बसतो (त्याला हवेचा बुडबुडा चिकटलेला नसला पाहिजे हं, नाहीतर तोही तरंगतो आणि आपली फसगत होते). या दोघांची सरमिसळ वितळवली की माल ठिसूळ निघतो, म्हणून मिसळलेली पोती कोणी घेत नाही.

पुण्या-पिंपरीत कचरा वेचणाऱ्या बायकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ पासून उभी आहे, पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. या बायका दारोदारचा सुका कचरा हाताने निवडतात, त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसलात तर कुठल्या प्लास्टिकला किंमत आहे आणि कुठल्याला नाही हे कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर कळेल. निवडताना कप आला की हात थांबतसुद्धा नाही, सरळ पलीकडच्या ढिगात. तुम्ही धुवून साठवताय त्याबद्दल मला खरंच आदर आहे, पण कपाच्या बाबतीत ती मेहनत धुण्यात घालण्यापेक्षा कप घरात येऊच न देण्यात घाला. दह्याचा मोठा झाकणाचा डबा मात्र धुवून देत राहा, तो जातो.

नमस्कार, माझी स्टँडजवळ चहाची टपरी आहे. दिवसाला अडीचशेच्या आसपास चहा जातो. आधी काचेचे ग्लास होते, कोरोनात लोक काचेला हात लावेनात म्हणून कागदी कप धरले ते आजतागायत. शंभरचं पाकीट साठ रुपयांना पडतं. परत काचेवर यायचं तर गिऱ्हाईक काय म्हणेल आणि धुवायला माणूस कुठून आणू? सध्या मी आणि मिसेस दोघंच आहोत.
— टपरीचालक, कराड

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण बाकी सगळे कप वापरणारे आहेत आणि तुम्ही एकटे कप देणारे.

आधी हिशोब मांडू. अडीचशे कप म्हणजे दिवसाला दीडशे रुपये, महिन्याला साडेचार हजार, चहाबरोबर कचऱ्यात. कटिंगचे सहा डझन ग्लास घेतले, डझनाला दीडशे-दोनशे धरले तर हजार-बाराशेत काम होतं, महिन्याला दहा-बारा फुटतील असं धरा, तरी कपाच्या खर्चाच्या जवळपासही जात नाही. उरलेल्या पैशांतून धुण्याला हात मिळतो, आणि तो हात तुमच्या मिसेसचाच असेल तर ते पैसे त्यांच्या हातात वेगळे ठेवा, गल्ल्यात मिसळू नका, एवढं माझं ऐका. पोरगं ठेवायचा विचार करू नका, चौदा वर्षांखालचं तर कायद्यानेच चालत नाही.

आता गिऱ्हाईक. लोक काचेला नाही घाबरत, ते त्या एका काळपट बादलीला घाबरतात जिच्यात सकाळपासून तेच पाणी आणि प्रत्येक ग्लास एकदा बुडवून वर. त्यात लोकांचं काही चुकत नाही. आमच्या भागातल्या एका टपरीवर मी दोन सकाळी बसून बघितलंय, तिथे तीन भांडी मांडलेली असतात. पहिल्यात साबणाचं पाणी आणि काथ्या, दुसऱ्यात साधं पाणी, आणि तिसरं पातेलं बाजूच्या शेगडीवरच, चांगलं कढत. ग्लास चिमट्याने त्या कढत पाण्यात घालायचा, अर्धा मिनिट राहू द्यायचा आणि जाळीवर उपडा. फडक्याने पुसायचा नाही, फडकंच सगळ्यात घाण असतं, गरम ग्लास आपोआप सुकतो. आम्ही मोजलं तर शंभर ग्लासांना साधारण दोन बादल्या पाणी लागलं, दुसऱ्या भांड्यातलं पाणी पुढे पहिल्यात घेतलं की त्यातही बचत होते. आणि मुख्य गोष्ट म्हणजे हे सगळं त्या दादांनी टपरीच्या मागे न ठेवता पुढे मांडलंय, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. वाफ निघणारं पातेलं दिसलं की माणूस मुकाट काच घेतो.

ज्याला कपच हवा त्याला प्रमाणपत्राचा कंपोस्ट होणारा कप द्या, भांडू नका, पण एक रुपया जास्त घ्या आणि तसा बोर्ड लावा. आणि स्टँडवरचं गिऱ्हाईक गाडी सुटतेय म्हणून कप घेऊन पळतं, त्याला काच देता येत नाही हे मला मान्य आहे. तिथे प्रमाणपत्राचा माल घ्या नाहीतर कुल्हड. कुल्हड रेल्वेत २००४ मध्ये लालूप्रसादांनी मंत्री असताना आणले होते, तेव्हापासून लोकांना तो ओळखीचा आहे. फक्त एक ध्यानात असू द्या, भाजलेली माती पुन्हा चिखल होत नाही, फुटके कुल्हड वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात, आणि ते भाजायला जळण लागतं. एकदा वापरून टाकायचं असेल तर मातीचंही ओझं होतंच.

आमच्या ऑफिसात खालून चहा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून येतो, वर गाठ मारलेली, बरोबर पंधरा-वीस कप. हे कितपत वाईट?
— ठाणे

कपापेक्षा वाईट. उकळता चहा आणि पातळ पिशवी, वर त्या पिशवीचा कोपरा दाताने फाडायचा. एक स्टीलचा थर्मास ऑफिसच्या खर्चाने घ्या, खाली देऊन ठेवा, प्रत्येकाने आपला मग टेबलावर ठेवायचा आणि आपला आपण धुवायचा. शिपाईमामांवर वीस मग टाकलेत तर आठवडाभरात ते कप परत आणतील आणि त्यात त्यांचा दोष नसेल.

मी इंजिनिअर आहे. स्टील-काच बनवायला, धुवायला ऊर्जा आणि पाणी लागतंच ना? मग फरक किती पडतो, आकड्यांत सांगाल का?
— पुणे

सांगते. यावर जुना आणि पुष्कळ चर्चा झालेला अभ्यास कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या मार्टिन हॉकिंग यांचा, १९९४ चा. त्यांनी नुसत्या ऊर्जेचा हिशोब मांडला. चिनी मातीचा कप कागदी कपाच्या बरोबरीला यायला ३९ वेळा वापरावा लागतो, काचेचा १५ वेळा. थर्माकोलच्या कपाशी तुलना केली तर मात्र चिनी मातीला १००६ वेळा लागतात, कारण थर्माकोलमध्ये माल म्हणजे जवळपास हवाच. हा आकडा बघून तेव्हा अनेकांनी म्हटलं की बघा, फेकायचा कपच बरा. पण त्या हिशोबात धुणं आहे ते गरम पाण्याच्या यंत्रातलं, आणि धुण्याची ऊर्जा हाच त्यातला मोठा वाटा. आपल्याकडे घरोघरी नळाच्या गार पाण्याखाली हाताने विसळतात. शिवाय कप गटारात अडकला, नाला तुंबला, गाईने खाल्ला, हे त्या ऊर्जेच्या गणितात बसतच नाही. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरानंतर तुंबलेल्या नाल्यांतून प्लास्टिक उपसलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि माझ्या माहेरी आजीच्या लग्नात आलेले पेले अजून वापरात आहेत. रोज दोनदा धरले तरी १००६ चा आकडा दीड वर्षाच्या आत पार होतो.

पुढच्या महिन्यात मुलीचं बारसं आहे, दीडशे माणूस. मला डिस्पोजेबल नको आहे, सासूबाईंनाही नको आहे, पण स्टील आणलं की घासायचं मी आणि जावेनेच. बाळंतपणाला तीन महिने पण झाले नाहीत. काय करू?
— सांगली

तू घासायचं नाहीस, हे आधी. अहोजाहो न करता लिहितेय, राग मानू नकोस, तुझं पत्र वाचून पोटात तुटलं. कप बंद करायचा म्हणून ज्या बाईचं अंग अजून सावरलं नाही तिला मोरीवर बसवायचं असेल तर त्यापेक्षा या खेपेला डिस्पोजेबल आण, मी एक शब्द बोलणार नाही. पण तशी वेळ यायची नाही बहुतेक.

तुमच्या गावात किंवा माहेरच्या गावात देवळाची नाहीतर मंडळाची भांडी असतील, विचारून बघ. आपल्याकडे गावोगाव ही पद्धत होती आणि पुष्कळ ठिकाणी अजून आहे, लग्नाकार्याला गावची पातेली, परात, ताटं, पेले सगळं न्यायचं, मोजून आणायचं, मोजून परत द्यायचं, हरवलं तर भरून द्यायचं. आमच्या गावच्या पेल्यांवर बारीक टिंबाटिंबांनी नाव टाकलेलं आहे, कोणी कुणाच्या स्मरणार्थ दिला ते. लहानपणी पंगतीत बसलं की आम्ही पोरं आपल्या पेल्यावर कोणाचं नाव आलं ते वाचायचो, आणि ज्याला आमच्या पणजोबांचं नाव यायचं तो पाणी संपलं तरी पेला सोडायचा नाही. आता हेच बचत गटाच्या बायका भाड्याने देतात, भांडी बँक म्हणतात तिला. नसेल तर मंडप-कॅटरिंगवाल्यांकडे स्टीलचे ग्लास भाड्याने मिळतातच, फोनवरच विचार की धुऊन परत द्यायचे की उष्टे चालतात. उष्टे घेणारे असतात, थोडे पैसे जास्त लावतात, ते दे.

दीडशे माणसांना दीडशे पेले लागत नाहीत. बारशाला लोक टप्प्याटप्प्याने येतात, साठ-सत्तर पेले आणि विसळायला दोन बायका रोजाने सांगितल्या की निभतं. त्यांना नीट मजुरी, जेवण आणि बसायला पाट दे, उकिडवं बसून कंबर जाते. पैसे कुठून म्हणशील तर दीडशे माणसांचे कप, द्रोण, प्लेटा, पाण्याच्या छोट्या बाटल्या यांचा खर्च एका कागदावर लिही आणि नवऱ्यासमोर ठेव. आणि त्या पाव लिटरच्या बाटल्या तर आणूच नका, लोक दोन घोट पितात आणि ठेवून देतात, अर्धं पाणी बाटलीतच राहतं. पिंप, तांब्या, पेला.

केरळमध्ये २०१५ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांपासून ‘ग्रीन प्रोटोकॉल’ म्हणून हेच सुरू झालं, आधी स्पर्धेच्या ठिकाणी, मग सरकारी कार्यक्रमांत, मग लग्नांत. तिथेही खरा मुद्दा भांडी आणि ती धुण्याची सोय हाच होता, उपदेशाने कोणी हललं नव्हतं.

बाळाला माझा आशीर्वाद, आणि नाव काय ठेवलं ते जरूर कळव.

दुकानदार ‘कंपोस्टेबल’ लिहिलेले कप देतो, मक्यापासून केलेत म्हणतो. मी गच्चीवरच्या खताच्या ड्रममध्ये दोन टाकून ठेवलेत, पाच महिने झाले, जसेच्या तसे आहेत. फसवणूक आहे का?
— कोल्हापूर

असेलच असं नाही. हे बहुधा पीएलएचे कप, मक्याच्या नाहीतर उसाच्या साखरेपासून केलेले. ते कुजतात, पण त्यांना साठ अंशांच्या आसपासची उष्णता आठवडेच्या आठवडे लागते, आणि ती मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातल्या ढिगात मिळते. घरच्या ड्रममध्ये ढीग छोटा, दोन-चार दिवस गरम होतो आणि निवतो, त्यामुळे तुमचे कप बसलेत तसेच. नाल्यात किंवा समुद्रात पडले तर तिथेही ते प्लास्टिकसारखेच राहतात. वर ते चुकून बाटल्यांच्या पोत्यात गेले तर तो मालही बिघडवतात. म्हणजे तुमच्या गावात ओला कचरा मोठ्या प्रकल्पात जात असेल आणि ते लोक असा कप घेत असतील तरच याला अर्थ. पाकिटावर आयएस १७०८८ हा मानकाचा क्रमांक आणि प्रमाणपत्राचा उल्लेख आहे का तेवढं बघा, नुसतं हिरवं पान छापलेलं असेल तर परत करा. पळसाच्या पानांचे साधे द्रोण मात्र तुमच्या ड्रममध्ये बिनबोभाट जिरतात, काड्यांसकट.

आमचं गाव माउलींच्या पालखी मार्गावर आहे. आम्ही तरुण मंडळी दरवर्षी चहा वाटतो. सेवा होते, पण पालखी पुढे गेली की रस्त्यावर कपांचा खच, दोन दिवस आम्हीच वेचतो. वारकऱ्यांना कपाशिवाय चहा द्यायचा कसा?
— फलटणजवळून

तुम्ही वेचता हेच केवढं मोठं आहे. मी वारीत तीन वेळा थोडं थोडं चाललेय, तेव्हा जे पाहिलं ते सांगते. जुन्या वारकऱ्यांकडे, विशेषतः बायकांकडे, पेला असतोच. पडशीत, पिशवीत, काहींच्या पिशवीच्या बंदाला तर नाडीने बांधलेला, चालताना टणटण वाजतो. दिंडीच्या ट्रकात भांडी असतात ती जेवणाची, पण हा पेला स्वतःचा. पण चहाच्या टेबलावर आधीच भरलेले कप ओळीने मांडलेले असले की पेला काढायला कोण थांबणार, चालती माणसं ती, हात पुढे करतात, कप घेतात, पुढे जातात.

म्हणून कप मांडूच नका. किटल्या घ्या, दहा-बारा पोरं हातात किटली घेऊन टेबलाच्या पुढे रस्त्यावर उभी करा, आणि टेबलाच्या शंभर-दीडशे पावलं आधी एक जण उभा राहून ओरडेल, ‘माउली, पेला काढा, चहा आहे.’ तेवढ्या अंतरात पेला हातात येतो. एका मंडळाला मी असं करताना पाहिलंय, पहिला अर्धा तास गोंधळ झाला, मग मागच्या दिंडीला पुढच्यांचं बघून कळलं आणि रांग आपोआप चालली. ज्यांच्याकडे पेला नाही त्यांच्यासाठी शंभर-दोनशे स्टीलचे पेले ठेवा, पुढे पन्नास पावलांवर मोठं टोपलं, तिथून पोरांनी उचलून धुवायला न्यायचे. थोडे जातील. एका आजींनी तो पेला पदराने पुसून पिशवीत टाकलेला मी पाहिला, आणि मला वाटतं तो पुढे पंढरपूरपर्यंत कामाला आला असेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पाण्याच्या टँकरची सोय ग्रामपंचायतीकडून आधीच पक्की करा, ऐनवेळी पाणी नसलं की सगळं बोंबलतं आणि कप परत येतात.

मी जर्मनीत असते, इथे कॉफीचा कप डिपॉझिट देऊन मिळतो, परत केला की पैसे परत. भारतात हे का नाही?
— स्टुटगार्ट

आपल्याकडे होतं की! गोटी सोड्याची बाटली, कोल्ड्रिंकची काचेची बाटली, दुकानदाराकडे डिपॉझिट ठेवून आणायची आणि रिकामी परत नेऊन द्यायची, हे माझ्या पिढीतल्या प्रत्येकाने केलंय, आणि परत नेऊन द्यायला आम्ही भावंडं भांडायचो कारण सुटे पैसे नेणाऱ्याचे. तुमच्याजवळच्या फ्रायबुर्ग शहराने २०१६ मध्ये एक युरो डिपॉझिटचा शहरभर चालणारा कप काढला, कुठल्याही सहभागी दुकानात परत द्या. ट्युबिंगेनने २०२२ पासून फेकायच्या कपावर ५० सेंट कर लावला, तो थेट घटनात्मक न्यायालयापर्यंत जाऊन टिकला. इथेही नीलगिरीत २०२२ पासून दारूच्या बाटलीवर दहा रुपये डिपॉझिट घेतात आणि बाटली आणून दिली की परत देतात, म्हणजे जंगलात काचा फुटत नाहीत. चहाला हे जमेल का, तर फिरत्या गिऱ्हाइकाच्या टपरीवर अवघड, पण कॉलेजचं कँटीन, हॉस्पिटलचं आवार, आयटी पार्क, जिथे माणूस आत येतो आणि त्याच दारातून बाहेर जातो तिथे नक्की जमेल. तिथे कप कसा परत घेतात, धुतात कुठे, फुटला-हरवला तर काय, हे एखाद्या दुकानात विचारून सविस्तर लिहून पाठवाल का? मी पुढच्या अंकात छापते.

आइस्क्रीमच्या कपात मी मिरची-टोमॅटोची रोपं लावते. हे बरोबर आहे ना?
— रत्नागिरी

एका हंगामापुरतं हो. भोकं तापवलेल्या खिळ्याने पाडू नका, धूर नाकात जातो, कात्रीचं टोक पुरतं. रोप मोठं झालं की कप काढून मगच मातीत लावा, कपासकट पुरू नका. आणि कडक उन्हात ठेवलेला कप काही महिन्यांत ठिसूळ होतो, उचलायला गेलं की हातात कडा तुटून येते आणि बाकीचे तुकडे कुंडीतल्या मातीत मिसळतात, ते मग निवडता येत नाहीत. म्हणून कप सावलीत ठेवा, बोटाने दाबल्यावर आवाज करायला लागला की लगेच सुक्या कचऱ्यात. नारळाच्या करवंट्या तुमच्याकडे ढिगाने असतील, रोपं त्यात फार छान येतात, आणि लावताना करवंटीला तडा देऊन तशीच खड्ड्यात ठेवता येते.